न उकळलेला राजमा

स्लो कुकर आमच्या घरात आला तो सासूबाईंना गॅसपासून लांब ठेवायला. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मी खोका उघडून ते काळं, अंड्याच्या आकाराचं धूड ओट्यावर ठेवलं आणि त्यांनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यांना सगळं कळलंय. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "म्हातारपणी भातुकली मिळाली."

त्याच्या आधीच्या आठवड्यात काय घडलं ते सांगायला हवं. मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की घरी तेच काम मी फुकट करते. त्या दिवशी ऑफिसातून आले तर आमचा स्मोक अलार्म रस्त्यावरूनच ऐकू येत होता. धावत आत गेले. स्वयंपाकघरात धूर, गॅसवर प्रेशर कुकर काळाठिक्कर पडलेला, आतल्या डाळीचा कोळसा, आणि मधलं दार लावून सासूबाई पुढच्या खोलीत खिडकीशी बसून शांतपणे वाती वळतायत! अलार्म डोक्यावर बोंबलतोय आणि यांच्या मांडीवर कापूस. गॅस बंद करून, खिडक्या उघडून मी त्यांच्यासमोर जाऊन ओरडले, "अहो आई, अलार्म वाजतोय!" त्या दचकल्या. म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटलं शेजारच्यांचा आहे."

नवऱ्याचा चेहरा त्या संध्याकाळी बघवत नव्हता. माझे सासरे शेवटची काही वर्षं कुणालाच ओळखत नव्हते. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती, नळ चालू राहायचा, दूध उतू जायचं, आणि सगळे हसून सोडून द्यायचे. सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं, ते गेल्यावर त्या इकडे आमच्याकडे आल्या. "पुन्हा तेच," नवरा मला हळूच म्हणाला, "आता आई." मग आम्हाला एकेक आठवायला लागलं. पार्सलवाला बेल वाजवून परत जायचा आणि या घरातच असायच्या. वॉशिंग मशीन थांबून तासन्‌तास झाले तरी कपडे आतच. जाताजाता सांगितलेलं काम हटकून राहायचं. नवऱ्याने जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला, विसराळूपणा तपासतात त्या मेमरी क्लिनिकचं विचारलं, आणि तोवर आईने गॅसला हात लावायचा नाही असं फर्मान काढलं.

"मग मी इथे करू काय?" सासूबाई म्हणाल्या. "सोफ्यावरची उशी होऊन बसू?"

त्यांचं खोटं नव्हतं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. या घरात संध्याकाळी जो काही वास यायचा, तो त्यांच्यामुळे यायचा. म्हणून मी स्लो कुकर आणला. हे यंत्र मुळात घरात कुणाचं लक्ष नसताना चालावं म्हणूनच केलेलं असतं. आच नाही, ज्योत नाही, दोन-तीन जुन्या दिव्यांना लागते तितकीच याला वीज. आतल्या जड चिनी मातीच्या भांड्यात सकाळी सगळं घालायचं, झाकण ठेवायचं, संध्याकाळी जेवायचं. सोबतची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कारण धंदाच तो आमचा. भांडं निम्म्यापेक्षा कमी भरायचं नाही आणि काठोकाठही नाही. भिंतीपासून, पडद्यापासून लांब ठेवायचं, वायर लोंबकळत सोडायची नाही. गोठलेलं मटण तसंच ढकलायचं नाही, आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटं व्हायला ठेवायचं, नाहीतर ते इतकं सावकाश तापतं की शिजायच्या आधी खराब व्हायला लागतं. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "अगं बाई, केवढं हे सोवळं!"

पहिल्या आठवड्यात आमची रोज भांडणं. त्या दर अर्ध्या तासाला झाकण उचलून ढवळायच्या. संध्याकाळी मी येऊन बघते तर छोले बोटाने दाबले तरी दबत नाहीत.

"अहो आई, झाकण उचललंत की आतली सगळी ऊब जाते. पुन्हा तापायला त्याला किती वेळ लागतो!"

"मग शिजतंय की नाही हे कळायचं कसं मला?"

"काचेतून बघायचं."

"काचेतून वास येतो का?"

डाळीत आमसूल आणि टोमॅटो सुरुवातीलाच टाकले म्हणून डाळ हटून बसली. कुकरच्या सवयीने पाणी घातलं आणि यातलं पाणी काही आटत नाही, म्हणून एक दिवस आमटीच्या नावाखाली आम्ही पिवळं पाणी प्यायलो. जेवणं झाल्यावर त्या म्हणायच्या, राहू दे ना तसंच वॉर्मवर, सकाळी गरमागरम मिळेल. मी म्हणायचे, नाही, उरलेलं लगेच पसरट डब्यात काढायचं, निवलं की फ्रिजमध्ये, आणि उद्या गरम करायचं ते मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत, यात नाही. "हे इतकं हळू तापतं की तेवढ्यात अन्न आंबेल." त्यावर त्या म्हणाल्या, "मग याला कुकर कशाला म्हणायचं? गोगलगाय म्हण." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव गोगलगाय.

फोडणीचा प्रश्न मात्र खरा होता. स्लो कुकरमध्ये मोहरी तडतडेल एवढं तेल तापतच नाही, आणि फोडणीशिवाय आमटी म्हणजे काय, आजारी माणसाचं जेवण. मग असं ठरलं की संध्याकाळी मी आले की गॅसवर कढल्यात फोडणी करायची आणि वरून ओतायची. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहून हुकूम सोडायच्या. आणि दर वेळी, अगदी माझ्या खांद्याशी उभ्या राहून, विचारायच्या, "तडतडली का गं?" मला वाटायचं, परीक्षा घेतायत. मी चिडून म्हणायचे, "तडतडली, तडतडली, सगळ्या ओट्यावर उडाली." त्या मग वाकून कढल्यात बघायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता हिंग."

हळूहळू त्यांना ते यंत्र वळलं. मटण आदल्या रात्री आठवणीने फ्रिजमध्ये काढून ठेवायच्या. आमसूल शेवटी. दही शेवटी, नाहीतर फाटतं. पाणी नेहमीच्या निम्मं. एकदा तर मीच घाईत, फ्रिजमधून काढलेलं गार भांडं तापलेल्या यंत्रात ठेवायला निघाले, तर यांनी माझा हात धरला. "तडकेल. तूच वाचून दाखवलंस ना?" मला त्या वेळी फक्त शरमल्यासारखं झालं. ज्या बाईला आपण विसराळू म्हणतोय तिने आपली पुस्तिका तोंडपाठ केलीय, हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. कोणत्या आठवड्यात कचऱ्याचा हिरवा बिन बाहेर ठेवायचा आणि कोणत्या आठवड्यात काळा, हेही गल्लीतले दोन-तीन इंग्रज शेजारी आमचा बिन बघूनच ठरवायचे, आणि आमचा बिन त्या ठरवायच्या. पण माणसाने एकदा एखाद्याला आजारी ठरवलं की त्याच्या शहाणपणाचं तो कौतुक करतो, त्याचा अर्थ लावत नाही.

मग तो शनिवार आला. मुलगी केंब्रिजला शिकते, ती दोन दिवसांसाठी येणार होती आणि तिने आजीकडे राजमा मागितला होता. तिचा जन्म इथलाच, मराठी बोलते ते तिच्या पद्धतीने, पण भूक अस्सल मराठी. सासूबाईंनी राजमा रात्रभर भिजवला, सकाळी मी उठायच्या आत पाणी बदललं, कांदा, आलं, लसूण, मसाला घालून गोगलगायीत ठेवला आणि बटण सगळ्यात मंद, 'लो'वर लावलं. दिवसभर त्यांनी झाकणाला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत घरभर असा वास सुटला होता की मुलगी दारातून बॅग टाकून सरळ ओट्याशी गेली.

चमचा तोंडाजवळ नेऊन ती थांबली. "आजी, आधी उकळली होती ना ही राजमा? ऑन द हॉब, गॅसवर?"

"उकळायची कशाला? रात्रभर भिजवलाय की."

मुलीने चमचा खाली ठेवला. मग तिने आम्हाला नीट सांगितलं. लाल राजम्यात एक विष असतं, ते फक्त खळखळत्या उकळीने मरतं, आणि स्लो कुकर तितका तापतच नाही. दाणा मऊ होतो, बरोबर शिजल्यासारखा लागतो, पण तसा अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा वाईट. थोडेसे दाणे खाल्ले तरी माणूस रात्रभर उलट्या करतो. म्हणून आधी दहा मिनिटं तरी गॅसवर जोरात उकळायचा, ते पाणी फेकायचं, मगच यात टाकायचा.

आपल्या बायकांना हे माहीत असायचं काही कारणच नाही. प्रेशर कुकरमध्ये चार शिट्ट्यांत त्या विषाचा बापही मरतो. पण मला माहीत होतं, कारण ते पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं. टेबलावर वाचून दाखवताना ते पान राहिलं होतं, म्हणून आदल्या दिवशी मी ते सासूबाईंना सांगितलंही होतं. नवऱ्याला हे ठाऊक होतं, तेव्हा तो तिथेच होता.

"काल सांगितलं होतं तुला, आई," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "कालच! चोवीस तास नाही झाले! घरातल्या सगळ्यांना हॉस्पिटलात पाठवलं असतंस!" आणि तो तडक बागेत निघून गेला. मुलगी त्याच्या मागे गेली, जाताना मला म्हणाली की फेकू नका, अर्धा तास खळखळून उकळा, सेफ आहे.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, विसरले गं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. अतिशय रागाने म्हणाल्या, "मला कुणी काही सांगितलेलं नाही."

मी राजमा मोठ्या पातेल्यात ओतला, कारण ते चिनी मातीचं भांडं गॅसवर चालत नाही. गॅस मोठा केला, एक्झॉस्ट लावला. मनात धुमसत होते. नाही कसं सांगितलं? याच जागी उभी राहून सांगितलं. असाच एक्झॉस्ट चालू होता, नळ सोडलेला होता, मी भांडी विसळत होते आणि मान न वळवता म्हटलं होतं, राजमा आधी गॅसवर उकळून घ्या हं, आमच्यापैकी कुणाला तरी हाक मारून. त्या मागून म्हणाल्या होत्या, हो हो.

मान न वळवता.

आमच्या कामात एक पद्धत असते. चूक सापडली की ती पुन्हा घडवून बघायची. घडली तरच तिचं कारण कळतं. मी तशीच पाठमोरी उभी राहिले, एक्झॉस्ट घरघरत होता, आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आई, मी तुमच्या मुलाला सोडून चाललेय."

"हो हो," मागून आवाज आला. "बरं होईल."

मी वळले. एक्झॉस्ट बंद केला. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आई, मी आत्ता काय म्हटलं?"

त्या पदराला हात पुसायला लागल्या.

"मी म्हटलं, मी तुमच्या मुलाला सोडून चाललेय."

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग डोळ्यांकडे बघितलं. "आणि मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, बरं होईल."

दोघी अशा हसत सुटलो की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. आणि हसता हसता मला रडूच कोसळलं. अलार्म, दाराची बेल, वॉशिंग मशीनचा बीप, कुकरची शिट्टी, मोहरी! सगळे बारीक, टोकदार आवाज. त्यांना एकही ऐकू येत नव्हता. समोर बसून बोललेलं सगळं येत होतं. टीव्हीवर त्या इंग्रजी कळावं म्हणून खाली अक्षरं लावतात असं आम्ही समजत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली दोनेक वर्षं."

"आणि बोलला नाहीत? अहो, तो तिकडे आईचंही बाबांसारखंच होणार म्हणून झुरतोय. मेमरी क्लिनिकला फोन केलाय त्याने. सांगायचं ना!" माझा आवाज चढलाच. त्यांना तो नक्कीच ऐकू आला.

राजमा आता खळखळत होता. त्यांनी गॅस जरासा कमी केला, उकळी मोडणार नाही इतका. या घरात गॅसला त्यांचा हात लागून बरेच दिवस झाले होते, आणि मी अडवलं नाही.

"तो हल्ली काय करतो तुला माहितेय का?" त्या म्हणाल्या. "ऑफिसातून आला की माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो. माझा हात हातात घेतो. सावकाश बोलतो, माझ्याकडे बघून. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंस, आपण आधी कुठे राहायचो. मला वार कळतो गं, वर्ष कळतं, सगळं कळतं. पण दोन वर्षांत त्याचं बोलणं मला पहिल्यांदा नीट ऐकू येतंय. आधी काय, बूट काढता काढता बोलायचा. फ्रिजमध्ये डोकं घालून बोलायचा. जिन्यावरून बोलायचा. काय म्हणालास रे, असं विचारलं की म्हणायचा, काही नाही, जाऊ दे." त्यांनी डाव घेऊन राजमा ढवळला. "तूही तेच म्हणतेस."

मी म्हणते. दिवसातून किती वेळा, देव जाणे.

"बहिरी झालेय म्हटलं असतं, तर तुम्ही कानाला मशीन आणून दिलं असतंत आणि परत आपापल्या कामाला लागला असतात. डोकं काम करेनासं झालंय म्हटल्यावर माझा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला." त्यांनी पदराने डोळे पुसले, वाफेने भरले असल्यासारखे. "त्याला घाबरवलं, हे चुकलं माझं. मशीन लावेन मी. पण अजून चार दिवस त्याला सांगू नकोस. चार दिवस बसू दे."

मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांना इतकं जवळ घ्यावंसं वाटलं की दोन्ही एकदम करता येईना. मी पातेल्यातला एक दाणा चमच्यावर घेऊन फुंकत राहिले.

राजमा आम्ही नेहमीपेक्षा उशिरा जेवलो. छान झाला होता. मुलीने दोनदा भात घेतला. नवरा मान खाली घालून जेवला, आणि जेवणं होताच मी त्याला बागेत नेऊन सगळं सांगितलं. चार दिवस मी थांबणार नव्हते. बाबांची ती शेवटची वर्षं त्याच्या डोक्यात पुन्हा सुरू झाली होती, आणि तो माझा नवरा आहे. तो मागच्या पायरीवर बसला. "म्हणजे फक्त कान?" "फक्त कान." तो हसायला लागला, दोन्ही हातांनी तोंड झाकून, सुटल्यासारखा हसत राहिला. मग मी त्याला ते दुसरंही सांगितलं, आईंना का सांगायचं नव्हतं ते. त्याचं हसणं थांबलं. तो असा रडला की मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायला लागली.

सोमवारी त्याने जीपीला फोन करून कानांच्या तपासणीची तारीख मागितली. संध्याकाळी तो ऑफिसातून आला, बूट काढताना काही बोलला नाही. पुढच्या खोलीत गेला, टीव्ही बंद केला आणि आईसमोर खुर्ची ओढून बसला. मी उघड्या दाराशी कांदा चिरत होते आणि वाट बघत होते, आता हा वार विचारतो की काय.

त्याने विचारलं नाही. "आई," तो म्हणाला, "आज माझं ऑफिसात एकाशी मोठं भांडण झालं." आणि पहिल्यापासून सांगायला लागला.

सासूबाईंनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. सांगितलंस ना शेवटी, अशी कडक नजर. मग त्यांनी ती नजर काढून त्याच्या तोंडावर ठेवली, खुर्ची अजून थोडी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "हं. मग तू काय म्हणालास?"